थंडीत पिवळे पडणारे भातरोप

पवनेच्या पाण्यावर जे कास्तकार उन्हाळी भात करितात, त्यांच्या वाफ्यातील रोप पौषाच्या गारठ्यात पिवळे पडून खुंटते. असे दिसताच युरियाची गोणी फोडण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मते हा खर्च व्यर्थ होय. कारण मूळ दुखणे नत्राच्या उणिवेचे नसून स्निग्धाचे आहे.

थंडीत घरातील खोबरेल थिजते, परंतु करडईचे तेल वाहते राहते, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्धाचे अत्यंत पातळ पटल असते व क्षारांची आणि पाण्याची ने-आण त्यातूनच चालते. ते थिजले म्हणजे ही ने-आण अडते, पटल पाझरू लागते आणि पानाचा हिरवेपणा जातो.

गव्हासारखी रब्बीची पिके यावर स्वतःच उपाय करितात. हवा हळूहळू गार होऊ लागली म्हणजे ती काही दिवसांत पटलातील मेदाम्लांच्या सरळ साखळ्यांना बाक आणितात. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बसते, वाकड्या फांद्यांची सैल राहते. त्याच न्यायाने असे स्निग्ध सहसा थिजत नाही. भात हे उष्ण प्रदेशाचे पीक असल्यामुळे त्यास ही विद्या अल्पच अवगत आहे.

हा केवळ तर्क नव्हे. जपानात मुराता व त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली तंबाखूच्या झाडात भोपळ्याचा एक जनुक घातला, तेव्हा ते थंडीस अधिक नाजूक झाले. मोहरीच्या कुळातील एका काटक रोपट्याचा तसाच जनुक घातला, तेव्हा अधिक सोशिक झाले. फरक पडला तो पटलातील स्निग्धाचाच.

युरियाने रोप सुधारले, असे कोणी म्हणतील; परंतु तोवर बहुधा हवाही तापलेली असते. गारठलेल्या मुळास खत नीट घेता येत नाही. त्यापेक्षा कडाका सुरू होण्यापूर्वीच रोप टाकावे. सायंकाळी वाफ्यात विहिरीचे ऊबदार पाणी भरावे व सकाळी ते काढून टाकावे. रात्री वाफा झाकावा. यास कष्ट पडतात, पैसा फारसा पडत नाही.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली आपणांस इंद्रायणी दिली. थंडी सोसणाऱ्या रोपाचा वाणही तेथेच, मावळच्या हवेत, निवडला जावा, अशी मागणी आपल्या संघाने अवश्य करावी. तोपर्यंत गोणी फोडण्याआधी रात्रीच्या हवेचा विचार करावा, एवढीच कास्तकार बंधूंस विनंती.