क्रीडानिष्ठा आणि मायभूमीची कल्पना

१९९० सालच्या एप्रिल महिन्यात ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे ज्येष्ठ नेते व माजी मंत्री नॉर्मन टेबिट यांनी एका अमेरिकन दैनिकाला मुलाखत दिली. आशियाई वंशाचे लोक ब्रिटनशी कितपत एकरूप झाले आहेत हे मोजण्याची एक सोपी युक्ती त्यांनी तीत सुचविली : क्रिकेटच्या सामन्यात हे लोक कोणत्या संघाचा जयजयकार करतात ते पाहावे. सोडून आलेल्या देशाच्या विजयाने ज्याला हर्ष होतो तो राहत्या देशाचा झालेला नाही, असा या युक्तीचा मथितार्थ. ‘क्रिकेटची कसोटी’ म्हणून ती लवकरच सर्वतोमुखी झाली. मराठी वाचकाला या नावात एक अर्थ अधिक दिसेल. ‘कसोटी’ हा मुळात सराफाचा शब्द. सोन्याचा कस ज्या दगडावर घासून पाहतात तो दगड म्हणजे कसोटी. पुढे मराठीने क्रिकेटच्या पाच दिवसांच्या सामन्यालाही हाच शब्द दिला. टेबिट यांच्या युक्तीत या दोन अर्थांची गल्लत झाली आहे. खेळाला त्यांनी सराफाचा दगड मानले आणि माणसाला धातू.

ही कसोटी असभ्य आहे एवढे म्हणून भागत नाही. ती चुकीची का आहे याची फोड करणे अधिक अगत्याचे आहे. निष्ठा ही एकच एक वस्तू असते, ती एका देशाला दिली की दुसऱ्यासाठी उरत नाही, आणि ज्या मायभूमीला ती वाहिली जाते ती मायभूमी पूर्वीपासून सिद्ध असते, ही तीन गृहीतके तिच्या मुळाशी आहेत. तिन्हींची तपासणी करायची तर ब्रिटनपेक्षा कॅरिबियन बेटांचा इतिहास अधिक उपयोगी पडतो; कारण टेबिट यांच्या कितीतरी आधी तेथे हाच वाद घडून गेला होता.

१९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडीजवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या दौऱ्यात सुनील गावस्कर यांनी पदार्पणातच चार सामन्यांत ७७४ धावा केल्या आणि मूळचे मडगावचे दिलीप सरदेसाई यांनी ६४२. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच मैदानावर भारताने विजयासाठी हव्या असलेल्या ४०३ धावांचे लक्ष्य चार गडी गमावून ओलांडले. या दोन्ही प्रसंगी प्रेक्षकांतील भारतीय वंशाच्या मोठ्या समुदायाची सहानुभूती पाहुण्या संघाकडे होती. त्या काळात त्रिनिदादच्या लोकसंख्येत सुमारे चाळीस टक्के लोक भारतीय वंशाचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे यजमान संघाला आपल्याच अंगणात परके का वाटले असेल याची कल्पना येते.

परंतु हे प्रेक्षक कोणत्या भारताचा जयजयकार करीत होते? १८४५ ते १९१७ या काळात सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसे गिरमिटावर त्रिनिदादला नेण्यात आली. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याच्या बंदरातून गेलेली, आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातील व बिहारमधील, भोजपुरी बोलणारी. कोकणातून जे गिरमिटावर गेले त्यांची वाट वेगळी होती. ते मुख्यतः मॉरिशसला गेले. म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनच्या प्रेक्षकांनी ज्यांना आपले मानले त्या वाडेकर-गावस्कर-सरदेसाई यांची भाषा त्यांच्या आज्यापणज्यांनी कधी कानांनी ऐकलीही नसेल. एवढेच नव्हे, तर ज्या राष्ट्राच्या नावाने हा संघ खेळत होता ते प्रजासत्ताक शेवटचे गिरमिट्या जहाज सुटले तेव्हा अस्तित्वातच नव्हते. मायदेश म्हणून त्यांना आठवत होती ती एखाद्या जिल्ह्यातली गावे, एखादी नदी, रामायणाचे पाठ. ‘भारत’ ही एकसंध मायभूमी त्यांनी परदेशात राहून घडविली, आणि ती घडविण्याच्या साधनांत क्रिकेटचा वाटा हिंदी चित्रपटांइतकाच मोठा होता.

ती घडविण्याची निकड का भासली, याचे उत्तर भारतात नव्हे, त्रिनिदादमध्येच शोधावे लागते. १९५६ साली एरिक विल्यम्स यांचा पक्ष सत्तेवर आला. १९५८ च्या संघराज्याच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला फटका बसताच विल्यम्स यांनी एका जाहीर भाषणात भारतीय वंशाच्या मतदारांपैकी विरोधकांची संभावना हेकट व वैरभाव बाळगणारा अल्पसंख्य गट अशा शब्दांत केली. पुढे १९६२ च्या स्वातंत्र्याच्या वेळी याच विल्यम्स यांनी आपल्या इतिहासग्रंथात, त्रिनिदादच्या लेकरांना भारतमाता नाही आणि आफ्रिकामाताही नाही, त्रिनिदाद हीच त्यांची माता, असे प्रतिपादन केले. विचार उदात्त होता. परंतु ज्या समुदायाला चारच वर्षांपूर्वी वैरी म्हटले गेले होते त्याला या मातेच्या घरी आपला पाट कोठे मांडला आहे, हे दिसणे कठीण होते. मैदानावरील भारतप्रेम हे बऱ्याच अंशी या अनुत्तरित प्रश्नाचे उत्तर होते. ते ऐकायचे होते शेजाऱ्याने. दिल्लीने वा मुंबईने नव्हे.

याच मैदानाच्या इतिहासात उलट बाजूची साक्षही आहे. १९६० च्या जानेवारीत इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत त्रिनिदादचाच चरण सिंग धावबाद ठरला आणि प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्यांचा वर्षाव केला. भारतीय नावाच्या एका खेळाडूसाठी उसळलेला हा क्षोभ साऱ्या बेटाचा होता. सी. एल. आर. जेम्स यांनी ‘बियाँड अ बाउंडरी’ (१९६३) या ग्रंथात या प्रसंगाची संगती फ्रँक वॉरेल या कृष्णवर्णीय खेळाडूला कर्णधारपद नाकारले जात असल्याच्या असंतोषाशी लावली आहे. प्रेक्षकांचा उद्रेक हा राजकीय वाक्यासारखा वाचता येतो, ही जेम्स यांची दृष्टी मोलाची आहे. मात्र वाक्य वाचायचे तर ते कोणाला उद्देशून आहे हे आधी पाहावे लागते. १९६० चे वाक्य इंग्रज सत्तेला उद्देशून होते, म्हणून त्यात सारे एक होते. १९७१ चे घरातल्या सत्तेला उद्देशून होते, म्हणून त्यात फूट दिसली. माणसे बरीचशी तीच होती.

निष्ठा एका पेटीत मावत नाही याचे याहून सुखद पुरावेही आहेत. १९५० साली लॉर्ड्‌सवर वेस्ट इंडीजने इंग्लंडला इंग्लंडमध्ये प्रथमच हरविले तेव्हा अकरा बळी घेणारा सनी रामाधीन हा वेस्ट इंडीजकडून खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू होता. त्याला व त्याचा जोडीदार आल्फ व्हॅलेंटाइन याला कॅलिप्सो गीतात अजरामर केले ते लॉर्ड बिगिनर या आफ्रिकी वंशाच्या गायकाने. १९७१ मध्ये गावस्करांच्या फलंदाजीवर कॅलिप्सो रचणारा लॉर्ड रिलेटरही भारतीय वंशाचा नव्हता. पराभूत देशाच्या गायकाने विजेत्याची स्तुती गावी, याला टेबिट यांच्या कसोटीत कोणती खूण मिळेल? आणि उलट दिशेनेही देवघेव झाली. गयानाच्या गिरमिट्यांच्या वंशातील रोहन कन्हाय यांनी १९५८ च्या अखेरीस कलकत्त्यात भारताविरुद्ध २५६ धावा काढल्या, पुढे ते वेस्ट इंडीजचे कर्णधार झाले. आणि मुंबईच्या गावस्करांनी आपल्या मुलाचे नाव त्यांच्यावरून रोहन ठेवले. मायभूमीकडून वसाहतीकडे नावे जातात, असे समजण्याचा प्रघात आहे. हे नाव गयानाहून मराठी घरात आले.

सॅम्युएल सेल्वन यांची ‘द क्रिकेट मॅच’ ही कथा (‘वेज ऑफ सनलाइट’, १९५७) या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. लंडनच्या एका कारखान्यात काम करणारा कॅरिबियन तरुण वेस्ट इंडीजच्या दौऱ्याच्या दिवसांत क्रिकेटवर मोठमोठ्या बाता मारतो आणि शेवटी इंग्रज सहकाऱ्यांशी सामना खेळण्याची पाळी त्याच्यावर येते. वेस्ट इंडियन म्हणजे क्रिकेटपटूच, ही इंग्रजांची समजूत त्याला आधी सुखावते व मग अडचणीत आणते. कथा विनोदी आहे. पण स्थलांतरिताची क्रीडानिष्ठा पुष्कळदा यजमानच त्याच्या अंगावर चढवितो, हे तिने नेमके टिपले आहे. खुद्द सेल्वन भारतीय व स्कॉटिश वंशाचे. त्रिनिदादमध्ये ‘इंडियन’, तर लंडनच्या रस्त्यावर ‘वेस्ट इंडियन’. माणूस तोच, पाटी बदलणारे शेजारी निराळे.

ब्रिटनमधील पुढील घटनांनीही कसोटीची निरर्थकता दाखवून दिली आहे. २००१ मध्ये इंग्लंडचे कर्णधार, मद्रासला जन्मलेले नासिर हुसेन यांनी, इंग्लंडमध्येच वाढलेले आशियाई तरुण इंग्लंडला का पाठिंबा देत नाहीत, अशी खंत व्यक्त केली. ती प्रामाणिक होती. परंतु जो ही परीक्षा उत्तीर्ण होतो त्याचे काय होते? कराचीत जन्मलेला अझीम रफीक इंग्लंडच्या एकोणीस वर्षांखालील संघाचा कर्णधार होता. इंग्लंडकडून खेळणे हेच त्याचे स्वप्न. त्याच रफीकने २०२१ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे क्रिकेटमधील वंशद्वेषाची करुण साक्ष दिली. निष्ठा देणाऱ्याची पारख करणारा दगड आहे, घेणाऱ्याची पारख करणारा नाही. हा या कसोटीतील सर्वांत मोठा दोष होय.

म्हणून स्थलांतरितांची प्रत्येक क्रीडानिष्ठा निष्पाप मानावी, असे मात्र नाही. २०१४ मध्ये बर्मिंगहॅमला त्याच शहरात जन्मलेल्या मोईन अली याची भारताचे समर्थन करणाऱ्या प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. २०२२ च्या ऑगस्टमधील भारत-पाकिस्तान सामन्यानंतर लेस्टर शहरात हिंदू व मुस्लिम तरुणांच्या जमावांत आठवडे दोन-तीन तणाव धुमसत राहिला. उपखंडातील वैर समुद्रापार नेऊन शेजाऱ्यावर काढणे याला मायभूमीचे प्रेम म्हणता येत नाही. फरक जयजयकार कोणत्या संघाचा आहे यात नाही. तो कोणाच्या अंगावर फेकला जातो यात आहे.

टेबिट यांचा निषेध भारतीय विद्वानांना सोपा जातो. परंतु २०१४ च्याच मार्चमध्ये मेरठमधील एका विद्यापीठाने पाकिस्तानच्या विजयाबद्दल आनंद व्यक्त केल्याच्या आरोपावरून साठाहून अधिक काश्मिरी विद्यार्थ्यांना निलंबित केले आणि पोलिसांनी प्रथम राजद्रोहाचे कलम लावले. ते मागे घेतले गेले ते गदारोळ झाल्यावर. हे विद्यार्थी स्थलांतरितही नव्हते. परदेशात जी कसोटी अन्यायाची वाटते तीच घरी स्वाभाविक वाटू लागते, तेव्हा आक्षेप तत्त्वाला होता की केवळ तिच्यावर घासल्या जाण्याला, असा प्रश्न उरतो.

भारतीय वंशाच्या लेखकांच्या अभ्यासातही या दगडाचा वापर चालू आहे. २००१ मध्ये व्ही. एस. नायपॉल यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांनी आपले घर म्हणून इंग्लंडचा आणि पूर्वजांचे घर म्हणून भारताचा गौरवाने उल्लेख केला. जन्मभूमी त्रिनिदादचे नाव त्यात नव्हते. तेथे त्याचा विषाद झाला, येथे अनेकांना धन्यता वाटली. दोन्ही प्रतिक्रियांत लेखकाला कोणत्या तरी एका संघाच्या बाकावर बसविण्याची घाई होती. ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी त्रिनिदादच्या मातीवाचून लिहिलीच गेली नसती, ही साधी गोष्ट त्या घाईत मागे पडली. स्थलांतरितांचे साहित्य वाचताना लेखक कोणाचा, हा प्रश्न थोडा लांबणीवर टाकून तो कोणाशी बोलत आहे, कोणाचे ऐकून बोलत आहे, हे आधी पाहिले, तर भोजपुरी, मराठी, तमिळ अशा ज्या अनेक भारतांतून ही माणसे गेली ते भारतही पुन्हा दिसू लागतील. एका संघाच्या टोपीखाली ते झाकले गेले आहेत.