ग्रीक वाचनाचा प्रारंभ कोठून?

प्राचीन ग्रीकांचे साहित्य आणि तत्त्वज्ञान वाचावयास घेणारा कार्यकर्ता बहुधा प्लेटोचे ‘रिपब्लिक’ उघडतो आणि थोड्याच दिवसांत मिटून ठेवतो. दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. प्रवेशद्वार चुकलेले असते. लोकशाहीवरील प्लेटोच्या कठोर टीकेमागे त्याच्या गुरूवरील खटला उभा आहे. तो आधी वाचला पाहिजे.

म्हणून प्रारंभ ‘अपॉलॉजी’पासून करावा. नाव क्षमायाचनेचे वाटले तरी ते इ. स. पू. ३९९ मधील सॉक्रेटिसाचे बचावाचे भाषण आहे आणि त्यात क्षमेची याचना नाही. ते एका बैठकीत वाचून होते. नगराचे देव न मानणे आणि तरुणांना बिघडविणे, हे आरोप. मृत्युदंड कोणा जुलमी राजाने दिला नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शेकडो नागरिकांनी बहुमताने दिला. बहुमत म्हणजेच न्याय काय, हा प्रश्न लोकशाहीवाद्याला टाळता येत नाही. गांधीजींनी १९०८ मध्ये याच भाषणाचे गुजराती सार ‘इंडियन ओपिनियन’मध्ये दिले, १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. सत्तेला त्याचा अर्थ बरोबर कळला होता.

त्यानंतर सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’ घ्यावे. राजाज्ञा मोडून भावाचे अंत्यसंस्कार करणाऱ्या बहिणीचे हे नाटक रॉबेन बेटावरील राजबंद्यांनी केले, तेव्हा राजा क्रेऑनची भूमिका नेल्सन मंडेलांनी केली होती. मग थ्युसिडिडीसच्या इतिहासातील मेलोसचा संवाद वाचावा. इ. स. पू. ४१६ मध्ये लोकशाहीवादी अथेन्सने त्या छोट्या बेटावरील पुरुषांची कत्तल केली, स्त्रिया-मुलांना गुलाम केले. पुढच्याच वर्षी युरिपिडीसने जित स्त्रियांचा आक्रोश मांडणारे ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ अथेन्सच्याच रंगभूमीवर आणले.

कालक्रमाचा आग्रह धरणारे होमरपासून निघावे असे म्हणतील. परंतु कालक्रम इतिहासकाराच्या सोयीचा असतो. कार्यकर्त्याच्या वाचनाचा क्रम त्याच्या प्रश्नांनी ठरतो. होमर नंतरही तितकाच गोड लागतो.

गुलामांच्या मालकांचे हे वाङ्मय श्रमिकांनी का वाचावे, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. लॉरियनच्या खाणीतील चांदी गुलामांनी खणली, स्त्रियांना मताधिकार नव्हता आणि ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये गुलामगिरीचे समर्थन केले, हे सारे खरे. पण गुलामगिरी निसर्गाविरुद्ध असून केवळ कायद्याने व बळाने टिकते, असे म्हणणारेही होते, ही नोंद त्याच ग्रंथात आहे. त्या विरोधकांचा पत्ता समर्थकाच्या ग्रंथातच लागतो. मार्क्सनेही १८४१ चा आपला प्रबंध डेमोक्रिटस आणि एपिक्युरस यांवर लिहिला होता.

एवढे वाचून झाल्यावर ‘रिपब्लिक’ हाती घ्यावे. राज्य बहुजनांच्या हाती का नसावे, हे प्लेटो तेथे सविस्तर सांगतो. त्याला उत्तर देण्याची तयारी तोवर वाचकाची झालेली असेल.