सोनाराच्या तराजूंतला इतिहास

भूमींतून निघालेल्या प्राचीन वस्तूचा धनी कोण, हा प्रश्न निघाला कीं आपल्याकडील सुशिक्षितांत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, ज्याला सांपडली त्याची. दैवानें दिलें, सरकारचा त्यांत संबंध काय? दुसरा म्हणतो, धातुशोधक यंत्र घेऊन रानोमाळ हिंडणारा प्रत्येक मनुष्य चोर समजावा आणि त्याच्या हातचें यंत्र काढून घ्यावें. दोन्ही पक्ष इंग्लंडकडे बोट दाखवितात, पण इंग्लंडांत प्रत्यक्ष काय घडलें तें पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहींत.

2010 सालच्या मे महिन्यांत कंब्रिया परगण्यांतील क्रॉस्बी गॅरेट या खेड्याजवळच्या एका कुरणांत, असेंच यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका तरुणास रोमन घोडेस्वाराचें शिरस्त्राण सांपडलें. तें तांब्याच्या मिश्रधातूचें असून त्याचे साठांहून अधिक तुकडे झालेले होते. ते जोडल्यावर जें रूप प्रकट झालें तें विलक्षण होतें : कुरळ्या केसांच्या तरुणाचा निर्विकार मुखवटा, माथ्यावर पुढें झुकलेली फ्रिजियन टोपी, आणि टोपीच्या शेंड्यावर बसलेला पंखधारी ग्रिफिन. असलीं शिरस्त्राणें रणांगणासाठीं नसत. घोडदळाच्या समारंभांतील कवायतींत तीं मिरविण्याचा प्रघात होता. ब्रिटनमध्यें मुखवट्यासह इतक्या पूर्ण स्वरूपांत मिळालेलीं शिरस्त्राणें एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींही नाहींत. रिबचेस्टरचें 1796 सालीं मिळालें, न्यूस्टेडचें विसाव्या शतकाच्या आरंभीं. आणि हें तिसरें.

एवढी ही वस्तु. पण कायद्याच्या दृष्टीनें ती 'निधि' नव्हे! 1996 च्या निधिविषयक कायद्याप्रमाणें एकटी सांपडलेली वस्तु निधि ठरावयाची, तर ती तीनशें वर्षांहून जुनी असावी व तिच्यांत निदान दहा टक्के सोनें किंवा रुपें असावें. म्हणजे तीन शतकांपूर्वींचा चांदीचा तुटका छल्ला सांपडला तर त्याची वर्दी द्यावयाची, चौकशी व्हावयाची, तज्ज्ञ बसावयाचे; आणि रोमन साम्राज्याच्या उत्तर सीमेवरचा एक अजोड अवशेष मात्र बाजारांत मोकळा ! कायदा करणारांनीं पुराणवस्तुशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला कीं सोनाराचा, असें विचारण्याचा मोह आवरत नाहीं.

पुढें व्हावयाचें तेंच झालें. शिरस्त्राण ख्रिस्टीज या लिलावगृहाकडे गेलें. जुळणी करण्यापूर्वीं त्याची संपूर्ण शास्त्रीय तपासणी होऊं द्यावी अशी विनंती करण्यांत आली होती. ती मान्य झाली नाहीं. तुकड्यांना चिकटलेली माती, घड्यांच्या खुणा, गंजाचे थर हीं सर्व साक्षीदारांप्रमाणें बोलतात. तुकडे घासूनपुसून जोडले कीं त्यांची जबानी संपली. 7 ऑक्टोबर 1910 नव्हे, 2010 रोजीं (मागच्या शतकांतली गोष्ट वाटावी म्हणून मुद्दाम सांगतों) लिलाव झाला. अंदाज दोन ते तीन लक्ष पौंडांचा होता. बोली गेली सुमारें तेवीस लक्षांवर. कार्लाईलच्या टली हाऊस या वस्तुसंग्रहालयानें लोकवर्गणी व अनुदानें गोळा करून सतरा लक्षांपर्यंत पाठलाग केला व हात टेकले. घेणाराचें नांवही प्रसिद्ध झालें नाहीं. त्यानें पुढें तें कांहीं प्रदर्शनांना उसनें दिलें हें खरें. परंतु धन्याच्या मर्जीवर मिळणारें दर्शन हा प्रजेचा हक्क नव्हे.

पहिला पक्ष म्हणेल, त्या तरुणानें शोधलें नसतें तर तें मातींतच कुजलें असतें. मान्य आहे, आणि म्हणूनच त्याला भरघोस बक्षीस द्यावें. पण शोधणें आणि मालकी यांत कांहीं अंतर आहे कीं नाहीं ? यंत्राला एवढेंच कळतें कीं खालीं धातु आहे. तिचा ध्वनि ऐकून खणणाराला वस्तु मिळते. ती कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं, कोणी व कां ठेवली हें कळावयास कुदळीपेक्षां सावकाश हात लागतो. क्रॉस्बी गॅरेट येथें मागाहून उत्खनन झालें तेव्हां त्या जागीं पूर्वीं वस्ती होती असें दिसून आलें. हें ज्ञान वस्तु हलण्यापूर्वीं मिळतें तर त्याचें मोल कितीतरी वाढतें.

दुसऱ्या पक्षाचें औषध रोगाहून वाईट आहे. रिबचेस्टरचें शिरस्त्राण खेळणाऱ्या एका पोराला सांपडलें. तेथें यंत्र कोठें होतें? बंदी घातली कीं प्रामाणिक मनुष्य गप्प बसतो आणि लबाड रात्रीं खणतो. तथापि बक्षिसानें सारे सरळ होतात हेंही खरें नव्हे. हेरफर्डशायरमध्यें 2015 सालीं दोघांना वायकिंग काळचा मोठा ठेवा सांपडला. कायद्यानें त्यांस न्याय्य वांटा मिळाला असता. तरी त्यांनीं तो दडविला, नाणीं विकलीं, आणि 2019 सालीं तुरुंगाची वाट धरली. बहुतेक नाणीं अद्याप बेपत्ता आहेत. जीं हातीं आलीं त्यांतल्या कांहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड व मर्सियाचा सिओलवुल्फ हे दोन राजे जोडीनें दिसतात. तत्कालीन राजकारणाचा पुनर्विचार करावयास लावणारा हा पुरावा आहे. तेव्हां बक्षीसही हवें आणि दंडही हवा.

स्कॉटलंडांत ही अडचणच नाहीं. तेथें धातु कोणताही असो, भूमींतून निघालेली बेवारशी पुराणवस्तु राजसत्तेची; शोधणारास बक्षीस मिळतें. क्रॉस्बी गॅरेटचें शिरस्त्राण त्या सीमेपलीकडे निघतें तर लिलावाचा प्रश्नच उद्भवता ना. इंग्लंडनें आपली चूक सुधारली ती 2023 सालीं : दोनशें वर्षांहून जुनी, धातुयुक्त आणि असाधारण महत्त्वाची वस्तु आतां निधि ठरूं शकते. शिरस्त्राण मात्र तेरा वर्षांपूर्वींच गेलें होतें.

आतां आपल्या घरचें पाहूं. आपला निधिविषयक कायदा 1878 सालचा, त्याच इंग्रजांनीं केलेला. गंमत अशी कीं त्याची व्याख्या त्यांच्या स्वतःच्या कायद्याहून उदार आहे : जमिनींत दडलेली किंमतीची कोणतीही वस्तु निधि होय, आणि दहा रुपयांहून अधिक मोलाची असल्यास कलेक्टरास वर्दी दिली पाहिजे. पण सरकारला ती वस्तु घ्यावयाची झाली तर मोबदला किती ? ज्या द्रव्याची ती बनली त्याची किंमत, आणि वर तिचा एकपंचमांश ! म्हणजे मोडीचा भाव व थोडी खुशी. 1974 सालीं दायमाबाद येथें (तेव्हांचा अहमदनगर, आतांचा अहिल्यानगर जिल्हा) झुडपाच्या मुळाशीं खणतांना एका भिल्ल शेतकऱ्यास काशाचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा सांपडले. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. शास्त्रशुद्ध उत्खननांत तीं न मिळाल्यामुळें त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत आजही एकमत नाहीं. असा रथ उद्यां पुन्हां निघाला, तर या कलमाच्या हिशेबानें त्याच्या मोबदल्याचें गणित तांब्याच्या दरापासून सुरू व्हावयाचें. गरीब शेतकरी कलेक्टराच्या कचेरीकडे वळेल कीं भट्टीकडे ? तें एकपंचमांशाचें कलम काढून त्या जागीं, इंग्लंडांत तज्ज्ञ समिति बाजारभाव ठरविते तशी तरतूद घातली पाहिजे. आणि सांपडल्या जागेची माती न हलवितां वर्दी देणारास त्याहूनही अधिक दिलें पाहिजे.