ओटीतले हरभरे

मागच्या आठवड्यात वर्गात एक कोडं घातलं होतं. रात्री एवढासा, सकाळी टम्म फुगलेला आणि संध्याकाळी आईच्या पदरात! सांगा बघू कोण?

“पाव!” मागच्या बाकावरून आवाज आला. “फुगा!” दुसरा ओरडला. हसता हसता पुरेवाट झाली. मग खिडकीजवळची एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, भिजवलेले हरभरे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मिळतात ते.”

शाब्बास! अगदी बरोबर. पण लगेच दुसरा प्रश्न आला, आणि तो मात्र मी घातला नव्हता. “बाई, भिजवलेलेच का? कोरडे दिले तर पिशवीतून नेता येतील की!”

खरंच, का बरं? संक्रांतीला तिळगूळ देतात, बोरं देतात, उसाचे करवे देतात. चैत्रातच तेवढे ओले हरभरे, पदराला पाणी लागणारे. आज त्याचीच गोष्ट सांगते. आईबाबांनीही वाचली तरी चालेल. खरं म्हणजे वाचावीच.

गुढीपाडव्यानंतर दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध तृतीयेला, घरातली गौर झोपाळ्यावर बसते. बऱ्याच घरांत ही गौर म्हणजे लग्नात आईने लेकीला दिलेली अन्नपूर्णेची छोटीशी पितळी मूर्ती. हातात पळी घेतलेली. एरवी ती देव्हाऱ्यात तांदळावर बसते, चैत्रात तिला पाळणा मिळतो. का? तर ती माहेरी आलेली असते! माहेरी आलेल्या लेकीला काम सांगायचं नसतं. तिने झोके घ्यायचे, कैरीचं पन्हं प्यायचं, मोगऱ्याचे गजरे माळायचे. महिनाभर हे लाड चालतात. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती परत जाते. तिकडे खानदेशात याच अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि तिथे नुसत्या मूर्तीला नाही, खऱ्याखुऱ्या लेकींना माहेरी आणतात. झाडांना झोके बांधतात, पुरणपोळी आणि आमरस करतात.

या महिन्यात अंगणात चैत्रांगण काढतात. आमच्या मांजर्लीत आता इमारतीच इमारती झाल्या, अंगण कुठून आणायचं? मी लिफ्टसमोरच्या फरशीवर काढते. मधोमध झोपाळ्यातली गौर, भोवती सूर्य, चंद्र, गोपद्म, कमळ, शंख, तुळशीवृंदावन, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, आंबा, नारळ, आरसा, फणी, करंडा... घरोघरची यादी थोडी वेगळी. माझा हत्ती दरवर्षी डुकरासारखा दिसतो, हे इमारतीतल्या सगळ्या मुलांना पाठ आहे. पण नीट बघा हं, त्या एवढ्याशा जागेत आकाश आहे, पाणी आहे, जमिनीवरचे प्राणी आहेत, फळझाडं आहेत आणि बाईच्या रोजच्या वापरातल्या वस्तूही आहेत. जे जे वाढावं, भरावं असं वाटतं, ते सगळं तिथे मांडलेलं!

मग एखाद्या संध्याकाळी हळदीकुंकू. आलेल्या बाईच्या हाताला चंदनाचा लेप, त्यावर शिंपल्याने उठवलेली नक्षी, गुलाबपाणी, अत्तर. खायला आंब्याची डाळ, म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून तिच्यात किसलेली कैरी आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी. आपल्या बदलापुरात चैत्रातलं ऊन काय असतं, ते तुम्हांला सांगायला नको. स्टेशनवरून चालत घरी आलं की डोकं नुसतं तापतं. अशा वेळी गूळ-वेलदोड्याचं थंडगार पन्हं! कैरी झाडाला नुकतीच धरलेली, हरभऱ्याची काढणी नुकतीच झालेली. ऋतू जे देतो तेच ताटात येतं. मोठ्या मुलामुलींना एक पुस्तक सुचवते. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. १९५६ साली निघालं. महिन्यामहिन्याने निसर्ग कसा बदलतो, ते त्यात वाचायला मिळेल.

आणि शेवटी ओटी भरायची. ओटी म्हणजे पदर पुढे धरून केलेली झोळी. आता जरा शब्दाकडे लक्ष द्या. पोटाच्या खालच्या भागाला आपण काय म्हणतो? ओटीपोट! बाळ जिथे वाढतं ती जागा. बाळ यायचं असलं की डोहाळजेवणाला त्या बाईची ओटी भरतात. देवीची ओटी भरतात. दर वेळी तिच्यात काय घालतात? तांदूळ, गहू, नारळ. म्हणजे धान्य आणि फळ. फार जुन्या काळी माणसाने दोन चमत्कार पाहिले. जमिनीच्या पोटात दाणा घातला की रोप उगवतं, आणि आईच्या पोटातून बाळ येतं. त्याला ही दोन्ही एकच वाटली. म्हणून बाईच्या ओटीत धान्य घातलं की शेतही पिकेल आणि घरही भरेल, अशी समजूत झाली. अशा विधींना अभ्यासक ‘सुफलनाचे विधी’ म्हणतात. आईबाबांना यात खोल जायचं असेल तर रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’ हे १९७८ सालचं पुस्तक आहे. तुम्ही मात्र ते मोठे झाल्यावर वाचा.

तर मग हरभरे भिजवलेलेच का? करूनच बघा. वीस हरभरे रात्री पाण्यात टाका, वीस कोरडे ठेवा. भिजलेल्यांचं वजन सकाळी जवळजवळ दुप्पट झालेलं दिसेल. ते पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत टोकाला पांढरी सोंड दिसायला लागते. कोरडे तसेच पडून! कोरडा दाणा झोपलेला असतो आणि भिजलेला जागा झालेला. चैत्रात ओटीत घालतात तो जागा झालेला दाणा. ही माझी समजूत आहे बरं का, पोथीत असं लिहिलेलं नाही. पण मला ती पटते.

(कुंडीत मात्र आत्ता लावू नका. हरभरा थंडीचं पीक. पेरायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. या उन्हात रोप वर येतं आणि करपतं. वर्गातल्या तीन डब्यांत आम्ही हे पाहून रडून झालं आहे.)

ही दाण्याला जागं करायची गंमत काही आपलीच नाही. आमच्या इमारतीत राजस्थानातलं एक कुटुंब आहे. त्यांची गणगौर असते. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून बायका-मुली गौरीची पूजा करतात, कुंड्यांत गहू किंवा जव पेरून हिरवे अंकुर वाढवतात आणि चैत्र शुद्ध तृतीयेला गौरीला ईसरजींबरोबर, म्हणजे शंकराबरोबर, सासरी पाठवतात. तारीख बघितलीत का? त्यांची गौर सासरी निघते त्याच दिवशी आपली माहेरी येते! इराणमध्ये नवरोजला, २० किंवा २१ मार्चच्या सुमारास, ताटलीत गहू-मसूर उगवून ते हिरवं गवत मांडतात आणि तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात. इंग्लंडात १ मे रोजी गावाच्या मध्यभागी उंच खांब उभारायचा, त्याला फुलं-पानं बांधायची आणि भोवती नाचायचं, अशी वसंताची चाल होती. १६४४ साली तिथल्या पार्लमेंटने हे खांब बंद करून टाकले. असलं नाचणं त्यांना अधर्माचं वाटलं. पुढे १६६० मध्ये राजा परत आला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये पुन्हा भलामोठा खांब उभा राहिला. म्हणजे सणाच्या रीती माणसंच बंद करतात आणि माणसंच सुरू करतात.

हे वाक्य मी सहज लिहिलं. पण ते मला शिकवलं दोन वर्षांपूर्वी एका चौथीतल्या मुलीने.

ती आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारपासून ती आमच्याकडे लुडबुडत होती. माझ्या सासूबाई डाळ वाटत होत्या, ही शेजारी बसून चाखत होती. “आजी, मीठ हवं.” “आजी, आता बरोबर.” संध्याकाळी बायका यायला लागल्या. सासूबाईंनी पन्ह्याचं पातेलं पुढे आणून ठेवलं आणि त्या नेहमीप्रमाणे आत स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

सगळ्यांच्या ओट्या भरून झाल्यावर ही बाई (हो, ही चिमुरडी बाईच!) मला विचारते, “डाळ आजींनी केली ना? मग त्या आत का?”

बायका गप्प झाल्या. मी म्हटलं, “त्यांना जरा बरं नाहीये गं.”

वर्गात रोज ‘खोटं बोलू नये’ असं सांगणारी मी! आणि ती पोरगी थेट आत गेली. बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. “आजी, तुम्हांला बरं नाहीये?” आणि सासूबाईंचा आवाज, “नाही गं बाळा, चांगली आहे की मी. पद्धत असते ती.”

माझे सासरे जाऊन खूप वर्षं झाली. माझे यजमान तेव्हा शाळेत होते. ज्या बाईचा नवरा गेला तिने हळदीकुंकवाला पुढे यायचं नाही, ही रीत. तिचं मूळ कुठे असेल, ते वर लिहिलंच आहे. ओटी म्हणजे शेत मानलं, आणि नवरा गेलेल्या बाईचं शेत पडीक मानलं. तिच्या ओटीत दाणा घालायचा नाही. माझ्या सासूबाईंनी अंबरनाथच्या कारखान्यांत जाणाऱ्या माणसांचे डबे करून तीन मुलं वाढवली. पहाटे चारला उठून. त्या रात्री मी गौरीसमोरची निरांजनं आवरत होते. झोपाळ्यावर अन्नपूर्णा, तिच्या हातात पळी. आणि आत ओट्यापाशी पळी विसळत असलेल्या या. मला झोप लागली नाही.

अशा रीती बदलणारी माणसं आपल्याकडे झाली आहेत, हे मी शाळेत शिकवते. १८५२ साली सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात तिळगुळाचा समारंभ ठेवला, तेव्हा सगळ्या जातींच्या बायकांनी एकाच जाजमावर बसायचं असं ठरवून बोलावलं होतं. आणि २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत तेवढं पोचलं नव्हतं.

मागच्या वर्षी मी इमारतीच्या फलकावर चिठ्ठी लावली. ‘हळदीकुंकू’ हा शब्द काढला. ‘चैत्रगौरीच्या दर्शनाला आणि पन्हं-डाळीला सर्व बायकांनी यावे,’ असं लिहिलं, आणि ‘सर्व’खाली रेघ मारली. सासूबाईंना आधीच सांगितलं, “आई, यंदा तुम्ही बाहेर बसायचं.”

त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कुंकू लावून घेणार नाही मी. इतक्या वर्षांत मन घेत नाही. रागावू नकोस.”

मी कशाला रागावू? त्यांचं कपाळ, त्यांनी ठरवायचं.

त्या संध्याकाळी त्या झोपाळ्याशेजारी खुर्चीत बसल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एक वहिनी आल्या, ज्यांना आम्ही चार वर्षांत कधी बोलावलं नव्हतं. दारातच उभ्या राहिल्या. सासूबाईंनीच त्यांना हात धरून आत आणलं. एक काकू मात्र हे पाहून पन्हं न घेताच गेल्या. यंदाही आल्या नाहीत. त्यांच्याशी जिन्यात भेट झाली की आम्ही पाण्याच्या टँकरबद्दल बोलतो.

मी हरभऱ्यांची परात घेऊन सासूबाईंपुढे गेले. ती तिसऱ्या मजल्यावरची, आता पाचवीत गेलेली, नजर रोखून उभीच होती. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर पुढे धरला.

“भर,” म्हणाल्या, “पण ओंजळभरच हं. पदर भिजतो.”

त्या हरभऱ्यांची दुसऱ्या दिवशी त्यांनीच उसळ केली. खोबरं घालून, काळ्या मसाल्याची. डबा घेऊन ती पोरगीही आली होती. “आजी, तिखट झालीय,” म्हणाली, आणि दोनदा मागून घेतली.