पिल्लू घरात आलं, लसीचं काय?

राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा एक फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, मुकुंदराव, लक्ष्मीबाई आणि सोबत टॉबी नावाचा कुत्रा. मुक्या जिवावर माया करायला आपल्या माणसांना कुणी शिकवायला नको. थंडीच्या तोंडावर गल्लीतली कुत्री व्याली की सिद्धार्थनगर असो, राजेंद्रनगर असो, पोरं पिल्लू उचलून घरी आणतातच. आमचं म्हणणं एवढंच, की ही माया अर्धीमुर्धी नको.

वस्तीत आरोग्य शिबिराला बसलो की बायका बीपी तपासता तपासता पिल्लाचं विचारतात. "ताई, रात्रभर रडतंय." "सगळ्यांच्या चपला कुरतडल्या." "दूध पाजलं की जुलाब होतात." आम्ही माणसांच्या नर्सा, जनावरांचे डॉक्टर नव्हे; पण या गोष्टी विचारून, शिकून घेतल्या आहेत.

दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नका. किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे ते आईपाशी आणि भावंडांत खेळतानाच शिकतं. नव्या घरात ते रात्री रडतं, कारण त्याला एकटं वाटतं. खोक्यात जुनी साडी अंथरून आपल्या अंथरुणाजवळ ठेवा, चार-आठ दिवसांत शांत होईल. गाईम्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. मऊ भात, उकडलेलं अंडं, शिजवलेलं बिनहाडाचं चिकन थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा द्या. रविवारच्या रश्श्यातलं उरलेलं मात्र नको. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो आणि शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर न्या, शी-शूची सवय लागते. घरात घाण केली म्हणून त्याचं नाक त्यात घासू नका. त्यातून ते फक्त घाबरायला शिकतं. आणि ताप वाटला म्हणून घरातली क्रोसिन, ब्रुफेन कधीही देऊ नका. माणसाची गोळी पिल्लाचा जीव घेऊ शकते.

उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि पिल्लू मलूल पडलं, तर पार्वो असू शकतो. त्यात पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं, तेव्हा उद्यावर ढकलू नका. या रोगाची लस दीड-दोन महिन्यांपासून सुरू होते. जंताचं औषध तर त्याआधीपासून द्यावं लागतं, कारण कुत्र्याचे जंत अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्याही पोटात जातात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दरवर्षी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा आणि लसीचं कार्ड जपून ठेवा.

आता खरा मुद्दा. तीन ते सहा महिन्यांत पिल्लाचे दात पडून नवे येतात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते हातापायाला चावतं. त्याला मारू नका, गाठ मारलेलं फडकं चघळायला द्या. पण दात लागला, ओरखडा उठला, तर "पिल्लूच आहे, त्याला कसला रेबीज" असं म्हणू नका. लहान पिल्लालाही रेबीज होतो, आणि लस न घेतलेल्या, रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा काही भरवसा नसतो.

उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातला २२ वर्षांचा कबड्डीपटू जून २०२५ मध्ये रेबीजने गेला. नाल्यात पडलेलं पिल्लू त्याने बाहेर काढलं, तेव्हा ते बोटाला चावलं. किरकोळ म्हणून त्याने लस घेतली नाही. धट्टाकट्टा खेळाडू, चांगलं काम करताना गेला. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. त्याआधी मात्र तो टाळता येतो.

म्हणून दात लागताच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. चटणी, चुना, तंबाखू, तेल काही लावू नका, पट्टी बांधू नका. त्याच दिवशी सीपीआर किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत असते. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस केव्हाच गेले. आता कातडीत देतात: पहिला डोस, मग त्यापासून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात दिली तर चौदाव्या दिवशी आणखी एक. रक्त आलं असेल तर जखमेत सिरम द्यावं लागतं, ते स्वतः विचारा. "दहा दिवस पिल्लावर नजर ठेवू, मग बघू" असं करू नका. आधी लस सुरू करा, नजर सोबत ठेवा.

कुणी म्हणेल, २०२४ मध्ये आपल्याच कोल्हापुरात एक तरुणी लस घेऊनही रेबीजने गेली, मग काय उपयोग? अशी घटना अतिशय विरळ असते. जखम लगेच धुणं, गरज तिथे सिरम आणि वेळेवर सगळे डोस, या तिन्ही गोष्टी मिळून माणूस वाचतो. एका दुःखद मृत्यूवरून लस सोडणं म्हणजे हजारो जीव वाचवणारं साधन हातातून टाकणं.

एका शिबिरात एक पोरगा बाही खाली ओढून बसला होता. बाही वर केली तर तीन दिवसांपूर्वीचा दाताचा वण. का सांगितलं नाहीस? "आई पिल्लू फेकून दिली असती." त्याला आम्ही त्याच दिवशी लसीला नेलं. पण तेव्हापासून घराघरांत आमचं एकच सांगणं आहे: चावलं म्हणून पोराला मारू नका, पिल्लू फेकू नका. भीती घातली की मुलं लपवतात, आणि लपवलेला ओरखडाच जीव घेतो.

त्या आईलाही दोष कसा देणार? चार खेपा म्हणजे धुणीभांड्याच्या कामावर चार खाडे. म्हणून आमची मागणी आहे, की वस्तीजवळच्या नागरी आरोग्य केंद्रात ही लस संध्याकाळीही मिळावी. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. ते काम आमच्या गल्लीपर्यंत आलं पाहिजे, त्यासाठी अर्ज आपणच द्यायचा.

आणि आपलंही थोडं. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. यंदा जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला ठेवू. महिला मंडळ आणि तरुण मंडळ मिळून पशुवैद्यकीय डॉक्टरांना विनंती करू आणि विहाराच्या अंगणात वस्तीतल्या पिल्लांना लस टोचून घेऊ. एका डीजेच्या भाड्यात कितीतरी पिल्लांची लस होईल. त्या पिल्लांशी खेळणारी पोरं आपलीच आहेत.

जयभीम.