वोल्पे म्हणजे कोल्हा नव्हे

इटालियन शिकतोय म्हटलं की मित्र विचारतात, "व्हिसा कधी?" व्हिसा-बिसा काही नाही. ऑफिसचं काम आटपलं की मी रात्री मोबाईलवर प्राण्यांची फ्लॅशकार्डं उलटतो. लूपो म्हणजे लांडगा. चिंग्याले म्हणजे रानडुक्कर. वोल्पे म्हणजे फॉक्स, म्हणजे कोल्हा.

इथेच माझं भांडण आहे.

सुट्टीत सोलापूरकडे गावी गेलो तेव्हा आजीला त्या कार्डावरचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "हे कोल्हं न्हवं रं. खोकडाच्या जातीचं दिसतंय." शोधलं, तर आजी बरोबर होती. कोल्हा म्हणजे जॅकल, इटालियनमध्ये शाकाल्लो. आपल्या माळरानावरच्या फॉक्सचं मराठी नाव खोकड. मी मराठी माध्यमात शिकलो, तरी हा शब्द मला सत्ताविसाव्या वर्षी कळला. तोही इटालियनमुळे.

म्हणाल, एवढ्याने काय बिघडतं? गोष्टीपुरतं काही नाही. 'पिनोकिओ'मध्ये पोराला लुबाडणारी वोल्पे आहे आणि पंचतंत्रातले करटक-दमनक हे कोल्हे. लबाडीचं खातं तिकडे वोल्पेकडे, इकडे कोल्ह्याकडे. पण इटलीत शाकाल्लो ही शिवी आहे. भूकंपानंतर पडक्या घरांत घुसून चोऱ्या करणाऱ्याला तिथे शाकाल्लो म्हणतात. म्हणजे आपला चतुर मंत्री तिकडे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा. ही गंमत 'वोल्पे = फॉक्स = कोल्हा' घोकून कधीच कळली नसती.

दोष इटालियनचा नाही, मराठीचाही नाही. दोष मधल्या इंग्रजीचा आहे. मधलं लुकअप टेबलच चुकीचं असेल, तर पुढचं सगळं आउटपुट चुकणार. हे आपल्या धंद्यात इंटर्नलाही कळतं. भाषा शिकताना मात्र आपण तेच टेबल मुकाट्याने वापरतो, आणि स्ट्रीक शंभरावर गेली की स्क्रीनशॉट टाकतो.

मी माझ्या कार्डांवरचं इंग्रजी उडवलं. वोल्पेसमोर आता खोकड आहे. आल्प्समधल्या स्तांबेक्को नावाच्या रानबोकडाला नेमका मराठी शब्द मिळाला नाही, म्हणून तिथे नुसता फोटो ठेवला. चुकीच्या शब्दापेक्षा रिकामी जागा परवडली.

तुम्हीही उडवून बघा. आणि शब्द अडला तर ॲपला नंतर विचारा, आधी गावी फोन लावा. खोकड ओळखणारी माणसं अजून फोन उचलतात.