बांध कोणाचा, मासा कोणाचा?

किहीम म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे सुरूची बने, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले उभे राहतात. पक्षिप्रेमींना आठवण होते ती डॉ. सालिम अली यांची. 1930 साली याच गावी राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचविले. परंतु अलिबाग तालुक्याचे हे एकच रूप नव्हे. किहीमच्या पाठीशी उभा असलेला कनकेश्वराचा डोंगर ओलांडून पूर्वेला उतरले की धरमतरच्या खाडीकाठचा खारेपाट लागतो. शहापूर, धेरंड, माणकुळे, हाशिवरे, नारंगी ही त्यातली गावे. येथे सुरूची बने नाहीत. मातीचे लांबच लांब बांध आहेत, त्या बांधांच्या आड भातखाचरे आहेत आणि जेथे बांध फुटला तेथे क्षितिजापर्यंत चिखल व तिवरांचे रान आहे.

या पट्ट्याच्या उद्धाराचा मार्ग म्हणून निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीचे नाव सध्या आवर्जून घेतले जाते. 2020 साली केंद्र सरकारने 20,050 कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आणली. तीत सर्वसाधारण लाभार्थ्यास खर्चाच्या 40 टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस 60 टक्के अर्थसाहाय्याची तरतूद झाली. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हे दोन्ही निर्णय स्वागतार्हच आहेत. समुद्रातली मासळी घटते आहे, खारेपाटातला तरुण मुंबई-पनवेलची वाट धरतो आहे आणि पावसाळ्यातल्या एका भातपिकानंतर जमीन आठ महिने पडून राहते आहे. अशा वेळी तिच्यातून मासा पिकणार असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा मासा कोणाच्या बांधाआड, कोणाच्या हाताने आणि कोणाच्या पाण्याच्या मोलाने पिकणार, हा.

खारेपाटाला मत्स्यशेती कोणी परदेशी तज्ज्ञाने येऊन शिकविलेली नाही. घराच्या जोत्यासाठी माती काढली की तेथे खड्डा होतो, पावसाळ्यात तो भरतो, आणि त्या तलावात खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्ले सोडायची, ही येथील जुनी रीत. जिताडा हा मोठा विलक्षण मासा. त्याची वीण होते खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्ले मात्र पावसाच्या पाण्याबरोबर खाड्यांतून आत शिरतात आणि गोड्या पाण्यातही झपाट्याने वाढतात. जन्मतः बहुतेक जिताडे नर असतात व काही वर्षांनी त्यांचीच मादी होते. ऑस्ट्रेलियात ज्याला बारामुंडी म्हणून मिरवितात, तो हाच. पाहुणा आला, लग्नकार्य निघाले की तलावातला जिताडा निघे. सरकारदरबारी अडलेले काम जिताडा पाठविला की सुटते, असे रायगडात गमतीने म्हणतात; त्या गमतीत जिताड्याची थोरवी किती आणि दरबाराची किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या रीतीचे मर्म असे की तिच्यात बांध फोडावा लागत नाही. तलाव घरचा, पाणी पावसाचे, राखण घरच्या माणसांची. शेजारच्या भाताला त्याचा उपद्रव नाही. उणीव होती ती बियाण्याची. खाडीतून मिळतील तेवढीच पिल्ले, तीही लहानमोठी. आणि जिताडा असा खादाड की मोठे पिल्लू लहानाला गिळते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने 1997 साली बंदिस्त अवस्थेत जिताड्याचे प्रजनन यशस्वी करून ही उणीव भरून काढण्याचा मार्ग मोकळा केला. विज्ञानाने परंपरेच्या मदतीला यावे ते असे.

याच्या अगदी उलट चित्र पूर्व किनाऱ्यावर दिसले. कोकणात ओडिशातील चिल्कासारखे सरोवर नाही. येथे आहेत त्या खाड्या आणि खाजणे. तरीही चिल्काची कथा कोकणाने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. त्या सरोवरात पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमारांच्या गावांचे पाणी वाटून घेतलेले होते. कोळंबीला परदेशात भाव आला आणि बाहेरच्या धनिकांनी बांध व जाळी घालून पाणी अडवायला सुरुवात केली. या ‘घेरीं’विरुद्धचे आंदोलन चिघळत गेले आणि मे 1999 मध्ये सोराना येथे पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचा बळी गेला. तमिळनाडू व आंध्रात कोळंबीच्या तळ्यांनी विहिरींचे पाणी खारे केले, तेव्हा सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. 11 डिसेंबर 1996 च्या निकालाने किनारी नियंत्रण क्षेत्रातील सघन कोळंबी प्रकल्प बंद करण्याचा आदेश दिला. पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धतींना मात्र मोकळीक ठेवली. न्यायालयाने केलेला हा भेद फार मोलाचा आहे. मासे पाळणे हा गुन्हा नव्हे. गावाचे पाणी नासवून पाळणे हा गुन्हा होय.

पैशाच्या हिशेबातही सघन कोळंबी दिसते तितकी सोपी नाही. 1994-95 च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने पूर्व किनाऱ्यावरील तळीच्या तळी रिकामी केली. एकाने सोडलेले पाणी तेच दुसऱ्याने आत घ्यायचे, अशी तळ्यांची दाटी झाली की रोगाला वेगळी वाट शोधावी लागत नाही. 2009 पासून व्हॅनामी ही परदेशी जात आली, उत्पादन कितीतरी वाढले, पण सारी भिस्त राहिली ती अमेरिकेच्या बाजारावर. ऑगस्ट 2025 मध्ये तेथील सरकारने भारतीय मालावरील आयात कर 50 टक्क्यांवर नेला, तेव्हा आंध्रातल्या उत्पादकाची झोप उडाली. धेरंडच्या शेतकऱ्याचे पोट वॉशिंग्टनच्या लहरीवर कशासाठी टांगायचे? त्याचे गिऱ्हाईक डोंगरापलीकडेच आहे. किहीम-अलिबागच्या खाणावळी, बंगल्यांवर येणारे पाहुणे आणि 2020 पासून रो-रो बोटीने मांडव्याला जोडली गेलेली मुंबई एवढी बाजारपेठ जिताड्याला, चिंबोरीला आणि कोळंबीलाही पुरून उरेल.

यावर कोणी म्हणेल की मग किहीमलाच तळी का खणू नयेत? आजकाल तळाला प्लॅस्टिकचे अस्तर घालून वाळूतही पाणी साठविता येते. परंतु किहीमच्या वाड्या जगतात त्या वाळूखालच्या गोड्या पाण्यावर. पावसाचे हे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते; उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते. आधीच बंगल्यांच्या कूपनलिका व पोहण्याचे तलाव यांनी हा तोल नाजूक केला आहे. त्यात अस्तर फाटलेल्या एखाद्या तळ्याची भर पडली, तर माडाला आणि माणसाला दोघांनाही पाण्यासाठी टँकरकडे पाहावे लागेल. किहीमने मासा विकत घ्यावा, पिकवावा तो खारेपाटाने, हेच श्रेयस्कर.

आता मूळ दुखण्याकडे यावे. ते दुखणे बांधाचे आहे. समुद्र हटवून जमीन मिळविणे हे येथील पूर्वजांचे मोठे कर्तृत्व. पेण भागातील जुन्या शिलोत्री पद्धतीत शिलोत्रीदार बांधाची डागडुजी करी आणि त्यापोटी पिकाचा वाटा घेई. बांध राखणारा कोण व त्याचा मोबदला काय, हे ठरलेले होते. पुढे या वाट्यांची लूट झाली, खोतीचा जुलूम असह्य झाला आणि 1933 साली चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. तो 1939 पर्यंत चालला. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात मांडले, त्यामागे याच भूमीची वेदना होती. स्वातंत्र्यानंतर 1948 चा खारजमीन कायदा आला, 1979 चा खारजमीन विकास कायदा आला आणि बांधाची जबाबदारी सरकारकडे गेली. कूळ मालक झाले, पण बांध कोणाचाच राहिला नाही. उधाणाच्या लाटा, खेकड्यांनी पोखरलेली माती, खाडीतून जाणाऱ्या मोठ्या बार्जेसचे तडाखे, आणि या सर्वांवर कडी म्हणजे दुरुस्तीतील दिरंगाई, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. पहिली खांड चार पाट्या मातीने बुजते. दोन पावसाळे गेले की तिला लाखो रुपयेही पुरत नाहीत.

खांडीतून खारे पाणी आले की त्यामागून तिवरे येतात. 17 सप्टेंबर 2018 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीवर पूर्ण बंदी घातली. जमीन खासगी असली तरीही आणि भोवतालच्या 50 मीटर पट्ट्यासह. कांदळवन किनाऱ्याची ढाल आहे, कोळंबी-चिंबोरीचे पाळणाघर आहे. निकालाचे मोल वादातीत आहे. परंतु ज्याच्या सातबाऱ्यावर भातजमीन आहे, जो बांधाच्या दुरुस्तीसाठी अर्जांमागून अर्ज करीत राहिला आणि ज्याच्या शेतात सरकारच्या निष्काळजीपणामुळे तिवरे उगवली, त्याने काय करावे? भात पिकत नाही, तळे खणता येत नाही. वनखाते म्हणते, हे वन आहे. महसूल खाते म्हणते, ही शेती आहे. दोन्ही खरे आणि दोन्हींचा भुर्दंड एकालाच.

या कोंडीतल्या माणसाला गाठतो तो दलाल. पडीक जमीन भाड्याने द्या, आम्ही तळी करू, असा त्याचा सांगावा. यातून काय निपजते ते गोव्यात पाहावे. तेथील खाजणांत ‘मानस’ म्हणजे उघाडीचे दार. भरतीला ते मिटते, ओहोटीला उघडते आणि त्याच्या तोंडाशी मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. गावकरीची पकड ढिली झाली, 1964 च्या कूळ कायद्यानंतर कारभार कुळांच्या संघांकडे गेला, आणि मत्स्यलिलावाची कमाई भाताहून गोड वाटू लागली. मग दार गरजेपेक्षा अधिक वेळ उघडे राहू लागले, खारे पाणी खाचरांत साचू लागले. हजारो वर्षे टिकलेली भातशेती व मासळीची जोडी अनेक गावांत मोडली. पश्चिम बंगालातील संदेशखालीची गोष्ट याहून भीषण. 2024 साली ते गाव देशभर गाजले ते महिलांवरील अत्याचारांच्या तक्रारींनी. पण भातजमिनीत खारे पाणी सोडून ती नापीक करायची आणि मग तेथे माशांची ‘भेरी’ उभारायची, असाही आरोप गावकऱ्यांनी तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांवर केला होता. खाऱ्या पाण्याला सातबारा वाचता येत नाही. एकाने बांध फोडला की शेजाऱ्याचे शेत आपोआप तळे होते, आणि मग त्यालाही भाडेपट्ट्यावर सही करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

म्हणून तळ्याची परवानगी हा एकट्या जमीनमालकाचा आणि किनारी जलजीवपालन प्राधिकरणाचा खासगी व्यवहार असता कामा नये. ज्या बांधाआड ते तळे येणार, त्या बांधाखालील सर्व खातेदारांची संमती आणि ग्रामसभेचा ठराव हवा. पेण तालुक्यातील 22 गावांनी सप्टेंबर 2008 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राबाबत मतदान करून आपले मत नोंदविले होते; या जिल्ह्यातील शेतकऱ्याला आपल्या जमिनीचे बरेवाईट कळते, हे त्याने एकदा दाखवून दिले आहे. जेथे तिवरे दाट उभी आहेत, तेथे तळ्याचा हट्ट सोडावा. सिंधुदुर्गात महिलांच्या बचत गटांनी कांदळवनाच्या आसऱ्याने चिंबोरी व कालवांचे संवर्धन केले आहे. 2023 च्या दुरुस्तीने पिंजऱ्यातील मत्स्यपालन व शिंपल्यांचे संवर्धन प्राधिकरणाच्या कायद्याखाली आले आहे. ज्याची जमीन वन म्हणून राखायची, त्याला हे परवाने अग्रक्रमाने द्यावेत आणि त्याच्या बुडालेल्या भाताचा मोबदलाही द्यावा. जनहितासाठी राखलेल्या वनाची किंमत एकट्या माणकुळ्याच्या शेतकऱ्याने का चुकवावी?

एक सावधगिरी कोळीवाड्यांच्या बाजूने. जिताडा मांसाहारी आहे. बारीक मासळीवर पोसायचा तर एक किलो जिताड्यामागे चार-पाच किलो, कधी त्याहून अधिक मासळी लागते. थळ, बोडणी, रेवसचा कोळी आधीच बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले ओरबाडली जातात म्हणून त्रस्त आहे. उद्या तीच पिल्ले तळ्यांचे खाद्य म्हणून विकली जाऊ लागली, तर शेतकऱ्याची भरभराट कोळ्याच्या नुकसानीतून होईल आणि शेजारी गावे एकमेकांसमोर उभी राहतील. तलावातच वाढणारी तिलापिया, कारखान्यातील तयार खाद्य आणि तळ्यांची मर्यादित संख्या यांनी हे टाळता येते. आणि बीजवाटपाच्या वेळीच ही अट घालता येते.

भाताचा प्रश्नही निकालात निघालेला नाही. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारे पनवेल-1, 2 व 3 हे वाण दिले. बांध शाबूत असेल तेथे पावसात भात आणि कडेच्या तलावात जिताडा ही जोडी आजही चालू शकते. केरळातील पोक्कळी शेतांत भातानंतर कोळंबी घेण्याची परंपरा आहेच. सरकारने अनुदानाची पहिली रक्कम तळ्याला न देता बांधाला द्यावी. मेअखेर उघाड्यांची दारे बसली, खांडी बुजल्या, तर जूनच्या पहिल्या उधाणाला शेत वाचते आणि जुलैत तलावात पिल्ले सोडता येतात. खारभूमी विभाग आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी हे वेळापत्रक एका टेबलावर बसून आखावे, आणि त्या टेबलाशी बांधावरच्या गावांचा माणूसही बसलेला असावा.